सोसायटी (फक्त कामाचे मेसेज)

सायली, बी-304: शाळेच्या जेवणाचं आज परत तेच. ताटात भात पडला आणि घंटा झाली. भाजी तशीच टाकून मुलं वर्गात. तिसरी-चौथीच्या बाकीच्या आयांनो, तुमच्याकडे काय परिस्थिती?

गोखले काका, ए-102: शाळेने घरचा डबा बंद करायलाच नको होता. मी जूनमध्येच म्हटलं होतं.

सेक्रेटरी: शाळेचे विषय कृपया पालकांच्या ग्रुपवर. इथे टँकरचं बोला. 🙏

सायली, बी-304: पालकांच्या ग्रुपवर फक्त ॲडमिनला लिहिता येतं, आणि ॲडमिन शाळा आहे.

राहुल, बी-101: चव कशी असते पण? परवा कोणीतरी वरणाला 'पिवळं पाणी' म्हटलं होतं 😄

परांजपे, सी-501: चव नंतर. आधी हिशोब बघा. तिसरी-चौथीच्या 8 तुकड्या, 40 प्रमाणे 320 मुलं. काउंटर 2. पोळी, भाजी, वरण, भात एकाच बाईने वाढायचं तर ताटामागे 10 सेकंद धरा. 160 गुणिले 10 म्हणजे 1600 सेकंद, 26 मिनिटांच्या वर. मधली सुट्टी 25 मिनिटांची. शेवटच्या मुलाचा नंबरच घंटेनंतर लागतो.

राहुल, बी-101: आणि रांग अ, ब, क, ड अशीच लागते ना? मग ड तुकडीने काय पाप केलंय?

सायली, बी-304: आमची ड च आहे.

राहुल, बी-101: सॉरी वहिनी.

शिंदे वहिनी, ए-403: परांजपे, काउंटर वाढवून भागणार नाही. खरी रांग नळाशी अडते. नळ 6. साबण लावून हात नीट धुवायला एकाला 30 सेकंद. एका नळावर 53-54 मुलं येतात, म्हणजे तिथेच 27 मिनिटं. मग मुलं काय करतात, बोटं ओली करून पळतात.

गोखले काका, ए-102: डबा असता तर रांगच नसती.

आयेशा मुलाणी, सी-203: काका, डबा असला तरी हात धुवावेच लागतात. आणि सकाळी 6.30 ला गरम गरम भरून झाकण लावलेला डबा 11.50 ला उघडतो. पाच तासांच्या वर. आतल्या वाफेने पोळी ओली, भाजी आंबूस.

गोखले काका, ए-102: आमच्या वेळी काही झालं नाही.

आयेशा मुलाणी, सी-203: बरं. पण शाळेतल्या भाताची मला जास्त काळजी वाटते. स्वयंपाक 7 ला होतो म्हणे. मोठ्या पातेल्यातला भात कडेने गार होतो, मधे कित्येक तास कोमट राहतो. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात, ते शिजवताना मरत नाहीत. कोमट भातात ते वाढतात, आणि त्यांचं उलटी करवणारं विष नंतर परत गरम केलं तरी जात नाही. म्हणून भात 60 अंशांच्या वर ठेवायचा, नाहीतर उशिरा शिजवायचा. अन्नात खुपसायचा थर्मामीटर काही फार महाग नसतो. तो स्वयंपाकघरात आहे का, एवढंच विचारा.

सेक्रेटरी: टँकर आज 7 वाजता. ए आणि बी विंग आधी.

परांजपे, सी-501: सी विंग नेहमी नंतर का?

राहुल, बी-101: सी विंग म्हणजे आपली ड तुकडी.

शिंदे वहिनी, ए-403: पोळी चामट का होते तेही सांगते, कारण मुलं तीच टाकतात. 320 मुलं, दोन-दोन म्हणजे 640 पोळ्या. किलोभर कणकेच्या लहान पोळ्या 35 ते 40 होतात, म्हणजे 16 ते 18 किलो कणीक. एवढी मळायची म्हणून घट्ट मळतात, भिजत ठेवायला वेळ देत नाहीत. मग गरम पोळ्यांची चवड प्लास्टिकच्या पिशवीत. घाम सुटतो, खालच्या ओल्या, वरच्या वातड. कणीक सैल, अर्धा तास मुरलेली हवी. पोळी आधी जाळीवर वाफ जाऊ देऊन मग सुती कापडात. नाहीतर सरळ आठवड्यातून तीन दिवस पोळी बंद करून खिचडी आणि उसळ. किलोभर मुगाची उसळ 40 मुलांना पुरते.

पाटील सर, ए-301: खिचडीला नावं ठेवण्याआधी सरकारी शाळेचं माप बघा. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला 100 ग्रॅम तांदूळ, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजी, 5 ग्रॅम तेल. 450 कॅलरी, 12 ग्रॅम प्रथिनं. सहावी ते आठवीला 150 ग्रॅम तांदूळ, 30 ग्रॅम डाळ. वाढण्याआधी शिक्षकाने चव घ्यायची आणि वहीत नोंद करायची. आपल्या शाळेच्या छापील मेनूत 'दाल' लिहिलंय. किती दाल?

राहुल, बी-101: दिसेल तेवढी.

गोखले काका, ए-102: घरच्या डब्यात किती डाळ आहे ते आईला माहीत असतं. डबा सुरू करा.

पाटील सर, ए-301: अंडं ठेवलं तर प्रथिनांचा प्रश्नच मिटतो. एका अंड्यात साधारण 6 ग्रॅम.

शाह भाभी, बी-202: सर, अंडं ठेवायचं तर डाव, भांडी, काउंटर सगळं वेगळं हवं. नाहीतर आमची मुलं जेवणारच नाहीत.

पाटील सर, ए-301: नक्की भाभी. सगळ्यांची सोय बघायलाच हवी. जशी पार्किंगमध्ये बघतो.

शाह भाभी, बी-202: हे बोलायची गरज नव्हती.

सेक्रेटरी: विषयावर राहा. म्हणजे, टँकरवर.

राहुल, बी-101: उपाशी मुलं सुटल्यावर गेटवरच्या गाडीकडे वळतात. वडापाव, चायनीज भेळ. गाडीवाल्याची चांदी.

आयेशा मुलाणी, सी-203: एफएसएसएआयच्या (केंद्राचं अन्न सुरक्षा प्राधिकरण) 2020 च्या नियमात शाळेच्या आवारापासून 50 मीटरच्या आत जास्त तेल-मीठ-साखरेचे पदार्थ विकायला मनाई आहे. कॅन्टीनमध्येही. पण गाडी हलवून पोट भरत नाही. कॅन्टीनवाल्याचा 14 आकडी परवाना क्रमांक भिंतीवर आहे का, तेही बघून या.

परांजपे, सी-501: परत सांगतो. दोन पाळ्या करा. तिसरी 11.30, चौथी 12. एका पाळीत 160 मुलं. काउंटर 4 केले तर प्रत्येकी 40, साडेसहा-सात मिनिटांत वाढून मोकळे. जेवायला 18 मिनिटं उरतात.

शिंदे वहिनी, ए-403: काउंटर नकोच. पंगत. ताटं आधी मांडायची, वाटीत उसळ, बाजूला पोळी. मुलं बसली की 4 वाढपी वरण-भात घेऊन फिरणार. मूल ताट घेऊन चालत नाही, त्यामुळे सांडतही नाही. रांगेत अर्धी आमटी जमिनीवर जाते आणि मग घसरतात.

राहुल, बी-101: पंगतीला आग्रह कोण करणार?

शिंदे वहिनी, ए-403: तू जा. तुझं तोंड बंद राहील तेवढंच.

आयेशा मुलाणी, सी-203: आणि नळासाठी सुट्टीआधीच्या तासातूनच एकेक तुकडी पाठवा. पहिली तुकडी रोज वेगळी. 40 मुलं, 6 नळ, साडेतीन मिनिटांत उरकतं. सॅनिटायझर चालणार नाही, मळलेल्या हातावर त्याचा फारसा उपयोग होत नाही.

परांजपे, सी-501: पाळ्या केल्याशिवाय पंगतही जमणार नाही. बाकं 160 मुलांचीच आहेत. परत वाचा माझा मेसेज.

सायली, बी-304: सगळं छान. पत्र कोण लिहितंय?

राहुल, बी-101: 👍

पाटील सर, ए-301: 👍

शाह भाभी, बी-202: 👍 अंड्याचं लिहू नका.

सायली, बी-304: अहो, लिहितंय कोण?

गोखले काका, ए-102: मी लिहितो. पहिला मुद्दा डब्याचा.

सेक्रेटरी: टँकर आला. नळाला पाणी फक्त 25 मिनिटं.

परांजपे, सी-501: सी विंगला किती?