प्रसिद्धिपत्रक संपलेले नाही, त्याची जागा बदलली आहे

‘आता प्रसिद्धिपत्रकाला काही अर्थ उरला नाही, सारे समाजमाध्यमांवरच घडते’ हे हल्ली ऐकू येणारे मत मला अर्धेच पटते. जनसंपर्काच्या कामात माझी बरीच वर्षे गेली. पूर्वी पत्रक आणि मागे माहितीची ओळ लिहिलेले छायाचित्र पाकिटात घालून संध्याकाळच्या आत प्रत्येक दैनिकाच्या कचेरीत पोचवले की आमचा दिवस संपत असे. आज तेच पत्रक व्हॉट्सॲपवर जाते आणि बातमी छापून येण्याआधीच लोकांचे प्रश्न येऊन थडकतात. खरे काम तिथून पुढे सुरू होते.

मुंबई पोलिसांचे उदाहरण पाहावे. डिसेंबर २०१५ मध्ये ते ट्विटरवर आले. जानेवारी २०२० मध्ये त्यांनी एक चित्रफीत प्रसृत केली: सिग्नलला ध्वनिमापक जोडलेला, आणि हॉर्नचा गोंगाट ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याची उलटी मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू. ती देशभर पाहिली गेली, कारण रोज त्या गोंगाटात अडकणाऱ्याला तिच्यात स्वतःचा चौक दिसला.

इन्फ्लुएन्सरांबद्दल, म्हणजे समाजमाध्यमांवर मोठा अनुयायीवर्ग असलेल्यांबद्दल, मात्र मी सावध आहे. मोबदला घेतलेल्या मजकुरावर तसे स्पष्ट लिहावे, असे जाहिरात क्षेत्राची स्वनियमन संस्था असलेल्या जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्येच सांगितले असूनही ती ओळ वाचकाच्या नजरेला पडणार नाही अशा कोपऱ्यात टाकण्याचा आग्रह धरणारे ग्राहक मला आजही भेटतात, आणि अशा कामाला मी नकार देतो.