एसपीआय चालू, तरी एडीसीचा आकडा शून्यच

कालपासून डोकं खाजवतोय. रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकाला एमसीपी ३००८ ही एडीसी चिप (व्होल्टेजचा आकडा करून देणारी) जोडलीय. कॉन्फिगमध्ये एसपीआय (चिपशी बोलायची सिरियल जोडणी) चालू केलं, रीबूट केलं, एसपीआयडेव्ह ०.० ही तिची डिव्हाइस फाइल दिसतंय. पण पॉट (व्होल्टेज कमीजास्त करायची फिरती कळ) कितीही फिरवा, शून्यच. क्लॉक १० मेगाहर्ट्झ.

उत्तर: १०? अहो, २.७ व्होल्टला डेटाशीट कमाल १.३५ मेगाहर्ट्झच देते! तुमच्या ३.३ व्होल्टला क्लॉक १ मेगाहर्ट्झवर आणा. मग चिप काढून पायच्या १९ (डेटा बाहेर) आणि २१ (डेटा आत) या पिना जंपरने जोडा. पाठवलेलं तसंच परत आलं तर बोर्ड ठीक.

उत्तर: चिपसिलेक्टची वायर (कोणत्या चिपशी बोलायचं ते ठरवणारी) पिन २४ वरच आहे ना? २६ वर असेल तर एसपीआयडेव्ह ०.१ उघडा.

प्रश्नकर्ता: लूपबॅक (१९-२१ जोडून केलेली चाचणी) चाललं. चिपसिलेक्टची वायर २६ वरच निघाली! रात्री दीडला चष्म्याशिवाय पिना मोजल्या, दुसरं काय. क्लॉकही उतरवला. आता ० ते १०२३ झकास फिरतंय.