धोरडोला जाताना सामान कुठून घ्यायचं आणि खरेदी कुठे करायची?

चिवडाप्रेमी: डिसेंबरात दादरहून ट्रेनने भुज आणि तिथून गाडी करून धोरडो, कच्छचं पांढरं रण बघायला. सोबत आईबाबा आणि छोटी लेक आहे म्हणून विचारतेय, तिकडे दूध, बिस्किटं, औषधं मिळतात का सगळं घरूनच न्यायचं? आणि सासूबाईंनी अजरखची (ठशांनी छापलेल्या कापडाची) साडी आणायला सांगितलीय, ती तिथल्या स्टॉलवर घेऊ का?

घाटावरचा_भट: घरून ओझं नेऊ नका, भुजला सगळं मिळतं. पण भुज सोडलं की धोरडो ८० किमीच्या वर आहे, मधे फारसं काही नाही, त्यामुळे औषधं, कॅश, डिझेल सगळं भुजलाच उरका. यूपीआयच्या भरवशावर राहू नका, रेंज गेली की गेली. रणात जायच्या परमिटसाठी सगळ्यांची ओळखपत्रं जवळ ठेवा. वाटेत भिरंडियाराला थांबून मावा खा, चुकवू नका. आणि स्वेटर कानटोपी घ्याच, दुपारी ऊन लागतं आणि रात्री रणात दात वाजतात.

सुईदोरा: साडी अजरखपूरलाच घ्या ताई, भुजपासून जवळच आहे. २००१ च्या भूकंपानंतर धमडका गावचे खत्री कारागीर तिथे येऊन वसले, ठसे मारताना, नीळ चढवताना समोर बघायला मिळतं. खऱ्या ठशाच्या कामात कुठे ना कुठे जोड जराशी हललेली असते, सगळं एकदम तंतोतंत असेल तर ते स्क्रीन प्रिंट समजा. भुजोडीच्या शाली पण त्याच बाजूला. वेळ असेल तर वाट वाकडी करून निरोण्याला जा, एरंडेल आटवून केलेला रोगन नावाचा घट्ट रंग सळईने कापडावर ओढतात, ब्रश नाहीच, अर्धी नक्षी काढून कापड दुमडलं की उरलेली आपोआप उमटते. तांब्याचा मुलामा दिलेल्या घंटा पण तिथल्याच.

रिकामटेकडा७: स्टॉलवाल्यांना सरसकट नावं नका ठेवू. तिकडच्या बन्नी भागातल्या बायका स्वतः केलेलं भरतकाम घेऊन बसतात, फक्त कापड उलटं करून मागची बाजू बघा, हातचं आणि मशीनचं लगेच कळतं. आणि शंभर रुपयांसाठी अर्धा तास घासाघीस करू नका राव.

चिवडाप्रेमी: थँक्यू सगळ्यांना! नवरा विचारतोय रणात बसून बिअर वगैरे 🙈

घाटावरचा_भट: गुजरात आहे, दारूबंदी. त्यांना म्हणावं ताक भरपूर मिळतं.