वळू निवडताना नुसतं दूध पाहावं की चाऱ्याचाही हिशेब धरावा? (चौघांची चर्चा, टोपणनावांनी)

कडबाकुट्टी

संकरित एचएफसाठी (होल्स्टीन फ्रिजियन) वळूच्या वीर्याच्या रेतमात्रा घेताना आपल्याकडे वळूच्या आईचं दूध, कासेची ठेवण आणि अंगापिंडाने मोठी कालवड, एवढंच पाहिलं जातं. दुधाच्या खर्चातला साठ-सत्तर टक्के भाग गव्हाणीत जातो, तरी ‘याच्या मुली तेवढ्याच दुधाला किती खातात?’ हा प्रश्न कुणी विचारत नाही. ऑस्ट्रेलियात २०१५ पासून आणि अमेरिकेत डिसेंबर २०२० पासून होल्स्टीन वळूंच्या यादीत ‘फीड सेव्ह्ड’, म्हणजे वाचलेला चारा, हा आकडा येतो. त्यात दोन गोष्टी आहेत. एक, अंगाचं वजन. दुसरी, आरएफआय, म्हणजे वजन आणि दूध पाहता गाय जेवढं खाईल असा अंदाज असतो, त्यापेक्षा ती प्रत्यक्षात किती कमी-जास्त खाते.

वजनाचा हिशेब मांडतो. ४५० किलोच्या आणि ६०० किलोच्या गायीत नुसतं शरीर चालवण्याचा फरक रोज सुमारे दोन मेगाकॅलरी पडतो. चांगल्या चाऱ्यात मोजला तर दीड किलो कोरडा चारा, वर्षाला साडेपाचशे किलोच्या आसपास. दोघींचं दूध सारखं असेल तर हा चारा कशासाठी घालायचा? माझं म्हणणं: दीडशे किलो जादा अंग ही शोभा आहे, उत्पन्न नाही.

बांधावरून

वजनाचं पटलं, आरएफआयचं नाही. तो आकडा ज्या गायींवरून काढला, त्यांना बारा महिने एकसारखा मिश्र आहार मिळतो आणि रोजचं खाणं यंत्राने तोललं जातं. इथे जानेवारीत हिरवा मका, एप्रिलमध्ये उसाचं वाढं, पावसाळ्यात ओलं गवत. उसाच्या वाढ्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं, चाळीस अंशांच्या उन्हात गाय खाणंच कमी करते. तिथे काटकसरी ठरलेल्या वळूच्या मुली इथेही तशाच निघतील हे गृहीत धरू नका. शिवाय खाणं मोजलेल्या गायी थोड्या, म्हणून या आकड्याची विश्वासार्हता दुधाच्या आकड्यापेक्षा बरीच कमी असते.

चारा वाचवायचा तर भाकड दिवस कमी करा. दोन वेतांतलं अंतर तेराऐवजी अठरा महिने झालं तर पाच महिने गाय जवळजवळ फुकट खाते. रोज नऊ किलो कोरडा चारा धरला तर साडेतेराशे किलो. तुमच्या साडेपाचशेच्या शेजारी हा आकडा ठेवून पाहा.

गव्हाणकाटा

दोघेही बोलताय, पण मोजायचं कसं? गोठ्यात एवढं जमतं:

व्यायल्यानंतर ७० ते २०० दिवसांतल्या गायीच घ्या. सात दिवस सलग सकाळ-संध्याकाळ घातलेला चारा तोला, दुसऱ्या दिवशी गव्हाणीत उरलेला तोलून वजा करा. प्रत्येक चाऱ्याचे १०० ग्रॅम तुकडे करून वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. मुरघास साधारण ३० ग्रॅम उरेल, कडबा आणि खुराक ९०. दूध ४ टक्के फॅटवर आणा: दुधाच्या किलोंना ०.४ ने गुणा, फॅटच्या किलोंना १५ ने, आणि बेरीज करा. त्याला खाल्लेल्या कोरड्या चाऱ्याने भागा.

उदाहरणार्थ १८ किलो दूध, ३.८ फॅट. ७.२ अधिक १०.२६, म्हणजे १७.४६. खाल्लं २० किलो मुरघास, ३ किलो कडबा, ६ किलो खुराक, म्हणजे कोरडं १४.१ किलो. भागाकार १.२४.

चूक कुठे होते? ताज्या व्यायलेल्या गायीत. ती अंगावरची चरबी जाळून दूध देते, म्हणून भागाकार झकास दिसतो. तिलाच ‘कार्यक्षम’ समजून पुढे नेलं तर पाठीचं हाड वर आलेल्या, माजावर न येणाऱ्या गायी निवडल्या जातात. म्हणून चारा तोलण्याच्या काळातच छातीचा घेर आणि लांबी इंचांत मोजा. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ६६० केलं की अंदाजे किलो येतात. वजन घसरत असेल तर तो भागाकार फेकून द्या.

अंडीवाडी

कोंबड्यांत हे सगळं होऊन गेलं आहे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या तुलनेत १९५७ चा ब्रॉयलर त्या काळच्या खाद्यावर ४२ दिवसांत सुमारे ५४० ग्रॅम झाला, २००१ चा नव्या खाद्यावर २.६७ किलो. एक किलो वजनाला लागणारं खाद्य २.३४ वरून १.६२ वर आलं, आणि वाढीतला बहुतेक वाटा निवडीचा. पण पोटात पाणी होणं, पाय अधू होणं, हेही सोबत आलं. आई-बाप पक्ष्यांना तर मोजूनमापूनच खाऊ घालावं लागतं. कोंबडीची पिढी वर्षभराची, चूक लवकर दिसते. गायीत चूक दिसेपर्यंत पाच वर्षं जातात. एकाच गुणामागे धावू नका, हे मी तळमळीने सांगतोय.

कडबाकुट्टी

अंडीवाडी, मान्य. मांसाच्या जातींत कमी आरएफआयच्या कालवडी थोड्या उशिरा वयात येतात, असंही काही प्रयोगांत दिसलं आहे. तेव्हा माझा क्रम बदलतो: आधी मुलींची गर्भधारणा, मग किलोंमधलं फॅट आणि प्रोटीन, मग अंगाचं वजन. ‘फीड सेव्ह्ड’ फक्त दोन सारख्या वळूंतला एक निवडायला.

बांधावरून, तुमचे साडेतेराशे किलो मात्र प्रत्येक गायीला लागू नाहीत. वेळेवर गाभण राहणारी मोठी गायही वर्षाला साडेपाचशे किलो जादा खातेच. माज ओळखणं हे रोजचं काम आहे, वळू निवडणं पिढीचं. एक केलं म्हणून दुसरं सोडायचं, हे पटत नाही.

बांधावरून

वजनावर भांडण नव्हतंच. पण पहिल्या रेतनाला कालवड अडीचशे किलोच्या पुढे असल्याची खात्री करा आणि सुलभ प्रसूतीचा वळू घ्या. ‘लहान गाय हवी’ म्हणत खुराक तोडून वाढ खुंटवलेली कालवड ही काटकसर नव्हे. ती विताना अडते आणि पहिल्या वेतालाच मागे पडते.