मदत हवी आहे: लहान मुलांसोबत घरची रोजरी (माळेवर म्हणायची कॅथलिक प्रार्थना) कशी करता?

ऑक्टोबर रोजरीचा महिना, म्हणून वसईत आमच्या घरी जेवणाआधी रोज पाचही रहस्यं, म्हणजे रोजरीचे पाच भाग, म्हणतो, पण धाकटा चार वर्षांचा, दुसऱ्या रहस्यालाच आजीची माळ ओढायला लागतो आणि थोरली नऊची, इंग्लिश मिडीयमची, मराठी प्रार्थना नुसती पुटपुटते. मोबाईलवर लावून बघितली तर दोघं स्क्रीनच बघत बसतात. मिस्टरांची सेकंड शिफ्ट, त्यामुळे वेळ पुढे ढकलता येत नाही. सासूबाईंना मराठीतूनच हवी आणि मलाही तेच वाटतं. चॉकलेटचं आमिष प्लीज सुचवू नका, प्रार्थनेला ते नकोच. धाकट्यापुरतं एकच रहस्य ठेवून हळूहळू वाढवलंय का कोणी, आणि थोरलीकडे नेमकं काय सोपवलं की ती मनापासून म्हणेल?