मदत हवी आहे: ओळखीतल्या दादांची इलेक्ट्रिक गाडी दिवसभर चालवायला मिळतेय, कुंभार्ली घाटात काय काय तपासू?

नमस्कार मंडळी,

येत्या रविवारी मला एक इलेक्ट्रिक गाडी दिवसभर चालवायला मिळणार आहे. शोरूमची नव्हे, इथल्याच कऱ्हाडातल्या एका दादांची. गाड्यांच्या वेडापायीच आमची ओळख झाली. गाडी 2022 ची नेक्सॉन ईव्ही मॅक्स, 40.5 युनिटची बॅटरी. मी हीच गाडी वापरलेली घ्यायच्या विचारात आहे हे कळल्यावर ते आपणहून म्हणाले, "शोरूमच्या माणसाला शेजारी बसवून हायवेला एक चक्कर मारलीस तर तुला काय कळणार? रविवारी माझी घेऊन जा. घाट उतर, चढ, आणि मग ठरव."

एवढ्या विश्वासाने कोणी गाडी हातात देतं तेव्हा तो दिवस वाया जाऊ नये असं फार वाटतं. म्हणून हा धागा.

आधी माझी गरज सांगतो. आमचं घर गुहागर तालुक्यात. कऱ्हाडहून मल्हारपेठ, पाटण, हेळवाक, मग कुंभार्ली घाट उतरून पोफळी, चिपळूण, पुढे मार्गताम्हाणे, शृंगारतळी. एका बाजूने दीडशे किलोमीटरच्या आत. महिना-दीड महिन्यातून जाणं असतंच. आई तिथे राहते, आणि दवाखान्याच्या तारखांना तिला इकडे आणावं लागतं. आईला गाडी लागते. घाट सुरू झाला की ती डोळे मिटून बसते, आणि वर हेळवाकला पोचेपर्यंत आम्ही कोणी तिच्याशी बोलत नाही. त्यामुळे गाडी कितीला पडते, पेट्रोलचे किती वाचतात यापेक्षा माझा पहिला प्रश्न हा आहे की या गाडीत तिचा प्रवास आताच्यापेक्षा सुखाचा होईल की जास्त त्रासाचा.

गेल्या आठवड्यात दादांनी शेजारी बसून मला गावातल्या गावात एक फेरी मारू दिली. इतकी वर्षं डिझेल गाडी चालवलेल्या माणसाला काय वाटलं ते थोडं सविस्तर लिहितो, म्हणजे मी कुठे उभा आहे ते कळेल. बटण दाबलं, पडद्यावर 'रेडी' आलं, आणि बाकी काहीच झालं नाही. ना आवाज, ना थरथर. डावा पाय क्लच शोधत होता, तो दादांनी मागे घ्यायला सांगितला. सर्वांत नवल वाटलं ते पाय उचलल्यावर. या गाडीत रीजेनच्या, म्हणजे पाय उचलल्यावर मोटरनेच गाडी मंदावून थोडी वीज बॅटरीत परत टाकण्याच्या, चार पायऱ्या आहेत, 0 ते 3. शून्यावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकल्यासारखी घरंगळत राहते. तीनवर ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की कोणीतरी मागून धरल्यासारखी मंदावते. प्रीतिसंगमाकडे उतरताना दादांनी तीनवर ठेवायला लावली आणि तो सगळा उतार मी ब्रेकला जवळजवळ हात, म्हणजे पाय, न लावता उतरलो. मला ते अतिशय आवडलं. पण मागे बसलेली माझी बायको म्हणाली, "आईंना हे असं नाही चालायचं. मान पुढे जाते दर वेळेला." तिचं म्हणणं बरोबर आहे. मी चालवत होतो म्हणून मला गाडी कधी मंदावणार ते ठाऊक होतं, तिला नव्हतं.

दुसरी गोष्ट, मंडईच्या गल्लीत एक आजी पिशव्या घेऊन गाडीच्या पुढून चालल्या होत्या. गाडी त्यांच्या अगदी मागे येऊन थांबली तरी त्यांना पत्ता नाही. हॉर्न वाजवला तर त्या दचकल्या असत्या, म्हणून त्या बाजूला होईपर्यंत थांबलो. चालवताना ही नवी जबाबदारी आहे असं मला वाटतं.

आता माझे प्रश्न.

घाटात रीजेन कितीवर ठेवावं, म्हणजे ब्रेकही तापणार नाहीत आणि मागच्या माणसाला हिसकेही बसणार नाहीत? ज्यांच्या घरात गाडी लागणारी माणसं आहेत त्यांचा अनुभव मला हवा आहे, कागदावरचं उत्तर नको.

चढाला किती चार्ज जातो? कंपनीचा आकडा एका पूर्ण चार्जला 437 किलोमीटरचा आहे, पण तो चाचणीतला. दादा म्हणतात रोजच्या वापरात अडीचशेच्या आसपास धरून चालायचं. चिपळूणहून वर येताना एसी लावून, चार माणसं आणि नारळांची पोती घेऊन काय होतं?

बॅटरीची तब्येत एका दिवसात आपली आपण कशी जोखायची? मला दादांची गाडी विकत घ्यायची नाहीये, पण रीत कळली तर पुढे वापरलेली गाडी बघायला जाईन तेव्हा ती कामाला येईल.

गावच्या घरी पंधरा अँपिअरच्या साध्या सॉकेटवर रात्रभर लावली तर चालेल का? घर जुनं आहे, वायरिंगही जुनं.

आणि शेवटचा, मला थोडा अवघड वाटणारा प्रश्न. दुसऱ्याची गाडी दिवसभर नेताना विमा, चार्जिंगचा खर्च, काही लागलं-खरचटलं तर काय, हे आधी कसं बोलून घ्यावं? दादा पैशाचं नाव काढू देत नाहीत.

जाणकारांनी वेळ काढून लिहावं ही विनंती.

प्रतिसाद – एक सदस्य, चिपळूण

हाच घाट मी याच गाडीने नेहमी चढतो-उतरतो, म्हणून लिहितो.

आईंसाठी: पायरी कोणती यापेक्षा ती सारखी बदलू नका हे जास्त महत्त्वाचं. दोनवर ठेवा आणि पोफळीपर्यंत तिथेच राहू द्या. पाय एकदम उचलायचा नाही, वळण दिसायला लागलं की हळूहळू सैल सोडायचा. रविवारी आई सोबत नसतील तर घरातल्या दुसऱ्या कोणाला मागे बसवून त्यांना डोळे मिटायला सांगा आणि तुम्ही चालवा. डोळे मिटलेल्या माणसाला हिसका लगेच कळतो. आईंना मात्र पुढेच बसवा, समोर रस्ता दिसला की पोट कमी ढवळतं. माझ्या वडिलांना डिझेलचा वास आणि गिअर बदलतानाचे धक्के सोसत नसत. या गाडीत ते दोन्ही नाहीत, त्यामुळे त्यांचा त्रास निम्म्यावर आला. पण पहिल्या काही फेऱ्यांत माझा पाय बसलेला नव्हता, तेव्हा त्यांना उलट जास्त झाला होता. पाय बसेपर्यंत आईंना नेऊ नका.

पावसात घाटात तीनवर ठेवू नका. पुढच्या चाकांवरच सगळा ओढा येतो, ओल्या वळणावर एक किंवा दोन पुरे. वळणातून निघतानाही जपून. 250 न्यूटन-मीटरचा टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, एका झटक्यात चाकावर येतो आणि ओल्या रस्त्यावर चाक जागच्या जागी फिरतं.

चढाचा हिशेब अगदी साधा आहे. माणसं आणि सामान धरून गाडी सतराशे किलोची, आणि चढ सहाशे मीटरच्या आसपासचा. नुसतं एवढं वजन एवढ्या उंचीवर न्यायला पावणेतीन युनिट लागतात. त्यात मोटरमधली घट आणि पंधरा-एक किलोमीटर रस्त्याचा नेहमीचा खर्च मिळवा. पाचएक युनिट झाले, म्हणजे बॅटरीचे बारा टक्के. चढताना टक्के भराभर पडतात आणि पडद्यावरची रेंज, म्हणजे अजून किती किलोमीटर जाईल तो आकडा, त्याहून वेगाने कोसळते, कारण ती नुकत्याच झालेल्या खर्चावरून काढलेला अंदाज असते. घाबरू नका. वर आल्यावर सपाटीला ती सावरते. उतरताना उलट, तो सगळा पट्टा जवळजवळ फुकटात होतो, एखाद-दुसरा टक्का वाढतोही. लोक सांगतात तसे दहा टक्के वगैरे परत मिळत नाहीत. जी ऊर्जा चाकं आणि हवा खाते ती खातेच.

एक पथ्य पाळा. बॅटरी शंभर टक्के भरलेली असेल तर रीजेन नीट लागत नाही, कारण परत आलेली वीज ठेवायला जागाच नसते. कऱ्हाडहून निघालात तर घाटापर्यंत जागा झालेली असते. पण उद्या घाटमाथ्यावर मुक्काम करून सकाळी फुल्ल बॅटरीने उतरायला लागलात तर ब्रेकवरच उतरावं लागेल, हे लक्षात असू द्या.

प्रतिसाद – एक सदस्य, इलेक्ट्रिकल काँट्रॅक्टर, सांगली

गावच्या सॉकेटबद्दल कृपया हलक्यात घेऊ नका.

गाडीसोबतचा 3.3 किलोवॅटचा चार्जर सलग चौदा-साडेचौदा अँपिअर ओढतो. गिझरसारखं वीस मिनिटांनी बंद होत नाही, रात्रभर तेच. जुन्या घरातल्या सॉकेटचं वायरिंग त्यासाठी केलेलं नसतं. सांध्यात वायर तापते, सॉकेट पिवळं पडतं, वितळतं. मीटरपासून थेट वेगळी चार स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्वतंत्र एमसीबी आणि गळती पकडणारा आरसीसीबी, चांगल्या प्रतीचं औद्योगिक सॉकेट, एवढं करून घ्या. मंजूर भार किती आहे तो वीजबिलावर बघा, कमी असेल तर महावितरणकडे वाढवून घ्या.

कोकणात खरी अडचण अर्थिंगची. जांभ्याच्या जमिनीत उन्हाळ्यात ओल राहत नाही आणि अर्थिंग कामातून जातं. अर्थिंग नीट नसेल तर चार्जर चार्जिंग सुरूच करत नाही, आणि लोक गाडीला दोष देतात. नवीन खड्डा, केमिकल अर्थिंग, आणि इलेक्ट्रिशियनकडून मोजून घेतलेला आकडा. हे झालं की रात्री नऊला लावलेली गाडी सकाळी सातपर्यंत तीसेक युनिट घेते. परतीला ते पुरून उरतात. रविवारी दादांचा चार्जर सोबत न्या, पण आहे त्या सॉकेटवर रात्रभर सोडून झोपू नका. अर्धा तास लावा, प्लगला हात लावून बघा. चटका बसत असेल तर काढा.

बॅटरी जोखायची रीत: आदल्या रात्री घरच्या चार्जरवर पूर्ण शंभरपर्यंत भरायला सांगा. या बॅटरीची रसायनं एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट, जातीची आहेत. तिचा व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळपास सपाट असतो, त्यामुळे अधूनमधून शंभर केलं नाही तर टक्क्यांचा अंदाज चुकतो. सकाळी ट्रिप मीटर शून्य करा. वीस टक्क्यांपर्यंत चालवा. मग पडद्यावर किलोमीटरमागे किती वॉट-अवर लागले ते बघून झालेल्या किलोमीटरने गुणा. समजा 140 वॉट-अवर आणि 210 किलोमीटर, तर 29.4 युनिट वापरले. ते ऐंशी टक्के होते, म्हणून 0.8 ने भागा. पावणेसदतीस युनिट आले. हा प्रयोगशाळेचा आकडा नव्हे, पण दोन गाड्यांची तुलना करायला पुरेसा आहे. वापरलेली गाडी घेताना बॅटरी आणि मोटरची आठ वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटरची वॉरंटी तुमच्या नावावर कशी आणि कोणत्या अटींवर येते, ते लेखी घेतल्याशिवाय टोकन देऊ नका.

प्रतिसाद – एक सदस्य, विमा क्षेत्रात काम, पुणे

विमा गाडीचा असतो. मालकाच्या परवानगीने, वैध लायसन असलेल्या कोणीही चालवली तरी नेहमीच्या खाजगी गाडीच्या पॉलिसीत ते बसतं. तुमचं साधं एलएमव्ही, म्हणजे हलक्या मोटारीचं, लायसन या गाडीला चालतं. निघण्यापूर्वी पॉलिसीची आणि पीयूसीची तारीख बघा असं मी नेहमी सांगते, पण इथे पीयूसी लागत नाही, फक्त पॉलिसी बघा.

बोलायची खरी गोष्ट ही आहे. क्लेम केला तर दादांचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो. तो सलग वर्षांप्रमाणे 20 पासून 50 टक्क्यांपर्यंत चढत गेलेला असतो, आणि एका बंपरपायी तो घालवणं त्यांना महागात पडतं. म्हणून आधीच सांगून ठेवा, "दादा, काही खरचटलं तर दुरुस्ती माझ्या खिशातून, क्लेम लावायचा नाही." पैसे देऊ केलेत तर ते नाही म्हणतील, पण हे ऐकून घेतील. चार्जिंगचं तर विचारूच नका. बाहेरच्या चार्जरवर युनिटला वीस रुपयांच्या आसपास पडतात. येताना कुठेतरी भरून, धुऊन, आत झाडून गाडी परत करा.

धागाकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. एवढं नेमकं उत्तर मिळेल असं वाटलं नव्हतं.

नो क्लेमचं आजच दादांना फोनवर सांगितलं. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग "बरं, तुझ्या मनाला तसं वाटत असेल तर तसं" म्हणाले. शनिवारी रात्री ते शंभरपर्यंत भरून ठेवणार आहेत. रविवारी बायको मागे बसून डोळे मिटायला तयार आहे, घाटात दोनवरच ठेवीन. आईला या फेरीत आणत नाही. अर्थिंगसाठी शृंगारतळीच्या इलेक्ट्रिशियनला घरी बोलावलं आहे.

चिपळूणच्या सदस्यांना एकच विचारतो: परतीला दुपारी चिपळुणात भरायची वेळ आली, तर तुमच्या रोजच्या माहितीतला चालू असणारा डीसी, म्हणजे जलद, चार्जर कोणता? ॲपवर दिसणाऱ्यांपैकी नेमका कोणता सुरू असतो ते तुम्हालाच माहीत असणार.