पिटुनिया फुलावर आहे, उपटू का? (गच्ची, जुळे सोलापूर)

नमस्कार मंडळी, गड्डा (सिद्धेश्वराची जत्रा) उठला, सकाळी गारवा आहे अजून पण दुपारी गच्चीची फरशी तापायला लागलीय. तीसेक कुंड्या आहेत. शेवंती वाळली, झेंडू म्हातारा झाला, पण पिटुनिया आणि डायंथस असे भरलेत की शेजारच्या काकू रोज वाकून बघतात. मोठ्या कुंड्या नेमक्या ह्यांनीच अडवल्यात आणि मला उन्हाळ्यासाठी झिनिया, चिनी गुलाब लावायचेत, सासूबाई म्हणतात उपटून टाक, नाहीतरी जळणारच, पण फुलावरचं झाड उपटायला हात होत नाही ओ. मागच्या वर्षी असंच आज-उद्या करत एप्रिल उजाडला, मग लावलेली रोपं ४२ डिग्रीत आठवड्यात गेली.

शिवाय मोगरा, तीन वर्षांचा, नुसता पाला. आणि नळाला चार-पाच दिवसांनी पाणी, म्हणून मधे बोअरचं घालते, तर कुंड्यांना पांढरा थर बसलाय, जास्वंदीची नवी पानं पिवळी पण शिरा हिरव्या. डीएपी (स्फुरदाचं खत) टाकलं तर अजूनच पिवळी!

प्रतिसाद १
ताई, उपटू नका की. पिटुनिया निम्मा कापा, परत फुटतो, होळीपर्यंत रंग देतो. तोवर दह्याच्या डब्याला भोकं पाडून झिनियाचं बी टाका, महिन्यात रोपं तयार, मग त्याच कुंडीत लावा. चिनी गुलाबाच्या चार काड्या कुणाकडून आणून खोचल्या तरी लागतात. शेवंती बुडापासून चार बोटं ठेवून कापा न् सावलीत सरकवा, खालून फुटवे येतात, पुढच्या वर्षीची रोपं तीच. मोगऱ्याचं पाणी आजच तोडा, पानं मलूल झाली की निम्मा छाटा, उरलेली पानं ओरबाडा, दोन मुठी शेणखत, मग भरपूर पाणी आणि दिवसभर ऊन.

प्रतिसाद २
जास्वंदीला लोह मिळेना झालंय. बोअरच्या जड पाण्याने माती चुनखडीची झाली की लोह असूनही मुळांना घेता येत नाही, डीएपीने अजून अडतं. ते बंद. कृषी सेवा केंद्रात चिलेटेड फेरस (झाडाला सहज घेता येणारं लोह) मिळतं, लिटरला अर्धा ग्रॅम, संध्याकाळी फवारा. नळाचं पाणी साठवून आधी जास्वंदीला. आणि मार्चपासून कुंडीत उसाचं पाचट अंथरा, आपल्याकडे लोक शेतात पेटवून देतात, कुणीही देईल.

धागाकर्ती
धन्यवाद! निम्मा कापते म्हटलं तर सासूबाई म्हणाल्या, उरलेला निम्मा मी उपटते. पण आत्ता नीट बघितलं तर मोगऱ्याला तीन कळ्या दिसतायत, तरी पाणी तोडू का?